झड आणि सरी

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आठवीत बाई वर्गावर आल्या, तोवर ‘कंटिन्युअस’ आणि ‘कंटिन्युअल’ आम्हाला एकच वाटायचे. वर्गावर पत्रे होते. पावसाचा जोर वाढला की शिकवलेलं ऐकू येत नसे. अशाच एका दिवशी बाईंनी खडू ठेवला आणि विचारलं, “ही झड की सरी?” आषाढातली झड खंड न पडता लागून राहते, ती कंटिन्युअस. श्रावणातल्या सरी येतात, थांबतात, पुन्हा येतात, त्या कंटिन्युअल.

बाईंची रीतच ती. आधी “मराठीत काय म्हणशील?” आणि मग इंग्रजी. ‘इमॅजिनरी’ म्हणजे काल्पनिक, ‘इमॅजिनेटिव्ह’ म्हणजे कल्पक. कधी मात्र मराठी शब्द एकच निघे. 1 मे 1960 हा दिवसही ऐतिहासिक आणि शिवकाळावरचं नाटकही ऐतिहासिक. इंग्रजीत तो दिवस ‘हिस्टॉरिक’, कारण त्या दिवशी महाराष्ट्र राज्य जन्मलं. नाटक ‘हिस्टॉरिकल’, कारण त्याचा विषय इतिहास. अशा वेळी बाई म्हणायच्या, “शब्दाला नको, वाक्याला विचार.”

पुढे मी न्यायालयीन कागदपत्रांची भाषांतरकार झाले. खालच्या कोर्टात मराठीत नोंदवलेल्या साक्षी अपिलात उच्च न्यायालयापुढे इंग्रजीतून ठेवाव्या लागतात. पहिल्याच वर्षी मी ‘त्रयस्थ साक्षीदार’ला ‘अनइंटरेस्टेड विटनेस’ लिहिलं. वरिष्ठांनी कागद परत पाठवला. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला त्या गोष्टीत रसच नाही असा. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निकालात ज्याचा काही स्वार्थ गुंतलेला नाही असा, आणि म्हणूनच कोर्ट त्याच्या शब्दाला वजन देतं. एका उपसर्गानं मी नेक साक्षीदाराला बेफिकीर करून ठेवलं होतं. त्या कागदांवर कुणाची तरी शिक्षा ठरायची होती. ती रात्र मला झोप लागली नाही.

सर्वांत जास्त वेळा अडले ते ‘सतत’ या शब्दाशी. ‘नवरा सतत मारहाण करायचा,’ असं बायका साक्षीत सांगतात. तिथे ‘कंटिन्युअस’ लिहिलं, तर मारहाण क्षणभरही थांबत नव्हती असा अर्थ होतो, आणि उलटतपासणीत नेमक्या मधल्या बऱ्या दिवसांबद्दल विचारलेलं असतं. ती बाई खोटी ठरायला एवढंही पुरतं. तिला म्हणायचं असतं, पुन्हा पुन्हा, थांबून थांबून, वर्षानुवर्षं. मला आमच्या वर्गाचे पत्रे आठवतात, आणि मी ‘कंटिन्युअल’ लिहिते.