रिकामी मानाची खुर्ची
आज इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात, वेशीबाहेरच्या थडग्यांच्या रस्त्यावर, बराच वेळ एकाच थडग्यापुढे उभी होते. नेवोलेया तिखे, एकेकाळची गुलाम. तिने हयात असतानाच हे बांधून घेतलं. स्वतःसाठी, बहुधा नवरा असलेल्या गायस मुनातियस फाउस्तससाठी आणि दोघांनी मुक्त केलेल्या गुलामांसाठीही! फाउस्तस 'ऑगस्टालिस', म्हणजे सम्राटपूजेच्या मंडळातला. या मंडळात बहुतेक गुलामगिरीतून सुटलेलेच असत. पैसा कितीही असो, नगरसभेचं दार त्यांना बंदच.

एका बाजूला शिडाचं जहाज कोरलंय, खलाशी वर चढलेले. दुसऱ्या बाजूला गावाने फाउस्तसला दिलेली दुप्पट रुंदीची मानाची खुर्ची. त्या रिकाम्या खुर्चीपाशी माझा गळा दाटून आला.

वर दगडी खिडकीतून तिखे अजून रस्त्याकडे बघतेय.