पोलादाला पाडलेली बारीक भोके

1898 साली ब्रिस्टल येथे ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला होता, की गहू खाणाऱ्या देशांची लोकसंख्या ज्या वेगाने वाढते आहे, त्या वेगाने शेतीला नायट्रोजन मिळणार नाही आणि काही दशकांतच धान्य अपुरे पडेल. त्या काळी युरोपातील शेती चिलीहून जहाजांनी येणाऱ्या सोऱ्यावर (नायट्रोजन असलेल्या खनिज क्षारावर) बरीच अवलंबून होती आणि तो साठा कधीतरी संपणारच होता. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो, परंतु त्याच्या दोन अणूंमधील बंध इतका घट्ट असतो की पिकांना तो थेट घेता येत नाही. इंजिनिअरिंगने जगाचे मोठे प्रश्न कसे सुटतात, असे कोणी विचारले तर मी याच प्रश्नाची हकीकत सांगतो, कारण तिचा एक धागा आमच्या बडोद्यापर्यंत येतो.

उत्तराचा पहिला भाग 1909 मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांना सापडला. प्रचंड दाब, मोठे तापमान आणि योग्य उत्प्रेरक (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) मिळाला, तर हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया होतो, ज्यापासून खत बनवता येते, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना 1918 चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. मला मात्र त्यापुढची काही वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात.

हाबर यांचा उत्प्रेरक ऑस्मियमचा होता आणि हा धातू जगात अत्यल्प आहे. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणे तपासून लोखंडाच्या एका स्वीडिश खनिजावर आधारलेला स्वस्त उत्प्रेरक शोधला. प्रयोगशाळेतील ही क्रिया कारखान्यात चालवण्याचे त्याहून अवघड काम त्याच कंपनीतील कार्ल बॉश यांच्या वाट्याला आले. घरच्या कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब वातावरणाच्या साधारण दुप्पट असतो. इथे तो सुमारे दोनशे पट आणि तापमान पाचशे अंशांच्या आसपास होते. पहिल्या पोलादी नळ्या सुमारे ऐंशी तास चालून फुटल्या. तपासात आढळले, की तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातील कार्बनशी संयोग पावतो, त्याचा मिथेन बनतो आणि पोलाद ठिसूळ होते. बॉश यांनी आत मऊ, जवळजवळ कार्बनविरहित लोखंडाचे अस्तर घातले, दाब सोसण्याचे काम बाहेरच्या पोलादावर सोपवले आणि त्या पोलादाला बारीक भोके पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन साचून न राहता बाहेर निघून जावा. 1913 मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कंपनीचा अमोनियाचा कारखाना सुरू झाला. आज जगातील सुमारे निम्म्या लोकांचे अन्न या प्रक्रियेवर उभे आहे, असा अंदाज सांगितला जातो. त्यात त्या भोकांचा वाटा किती, हे मात्र कोणी मोजत नाही. बॉश यांनाही 1931 मध्ये नोबेल मिळाले, एवढे समाधान.

बडोद्यातील मराठी घरांना हा विषय परका नाही. दांडिया बाजार, राजमहाल रोड या भागांतल्या कित्येक घरांतील कोणी ना कोणी रिफायनरीत किंवा फर्टिलायझरनगरच्या खत कारखान्यात नोकरीला होते, आणि त्यांतील काही जण सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 मध्ये सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकलेले असत. प्लँटमध्ये काम केलेल्या माणसांच्या गप्पांत शोधांपेक्षा गळती, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर आणि शटडाउन हेच अधिक असते, आणि माझ्या मते अमोनियाची खरी गोष्ट तीच आहे.

या उत्तराने नवे प्रश्नही आणले. 1921 मध्ये ओपाऊच्याच खतसाठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे दगावली. पहिल्या महायुद्धात हाच अमोनिया जर्मनीच्या दारूगोळ्याच्या कामी आला. शेतात टाकलेल्या नायट्रोजनपैकी साधारण निम्माच पिकाला लागतो. उरलेला विहिरींत नायट्रेट म्हणून उतरतो किंवा नायट्रस ऑक्साइड बनून हवेत जातो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 270 पट उष्णता अडवतो. भारताने 2015 पासून युरियाला निंबोळीच्या तेलाचे आवरण सक्तीचे केले, त्यामुळे नायट्रोजन सावकाश मोकळा होतो. उपाय चांगलाच आहे, पण 45 किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे 267 रुपयांना मिळत असताना ती जपून वापरायला कोणी सांगितले तरी ऐकले जाणार नाही, आणि हा दर ठरवणे इंजिनिअरच्या हातात नाही.

त्याच्या हातात जे आहे, ते अमोनियासाठी लागणाऱ्या हायड्रोजनचे आहे. आपल्याकडे तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढला जातो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड निघतो. पर्याय म्हणजे सौर किंवा पवन विजेने पाण्याचे विघटन करणे, आणि त्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. हिशेब सोपा आहे: एक टन अमोनियासाठी सुमारे 177 किलो हायड्रोजन लागतो आणि एका किलोला साधारण 50 ते 55 युनिट वीज, म्हणजे केवळ हायड्रोजनसाठी टनामागे नऊ हजार युनिटांच्या आसपास. त्याहून मोठी अडचण रात्रीची आहे. सूर्य मावळला की वीज थांबते, पण अमोनियाचा प्लँट चोवीस तास एकसारखा चालावा याच हिशेबाने बांधलेला असतो. तो रोज गरम-थंड केला तर उत्प्रेरक आणि पात्रे दोन्ही लवकर खराब होतात. मग एक तर हायड्रोजन टाक्यांत साठवायचा, नाही तर प्लँट बंद न करता कमी भारावर चालवायचा, आणि दोन्हींचा खर्च शेवटी खताच्या किमतीत येतो. कलाभवनातील मुले अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय विचारतात, तेव्हा मी हाच सुचवतो: रात्री भार किती टक्क्यांपर्यंत उतरवला तर उत्प्रेरकाचे तापमान टिकून राहील.