वहीत न लिहिलेले तास

माझ्या आईच्या बचत गटात बारा जणी होत्या. तासगावजवळचं आमचं गाव. उन्हाळ्यात शेवया, पापड, सांडगे आणि वर्षभर चटण्या. माझं अक्षर बरं म्हणून हिशोबाची वही माझ्याकडे असायची. उडीद किती, तेल किती, पापडखार किती, पिशव्या कितीच्या, सगळं त्या वहीत यायचं. बारा बायका पहाटेपासून दुपारपर्यंत पोळपाटावर वाकलेल्या असायच्या, ते मात्र कुठंच यायचं नाही. एकदा विचारलं तर आई म्हणाली, "अगं, घरचंच तर काम. त्याचं काय लिहायचं?" पुढं पाच वर्षांनी गट बंद पडला. माल चांगला खपत होता. बायका दमल्या होत्या.

गेली अडीच वर्षं मी इथं, इंग्लंडच्या उत्तरेला, लोकांनी लोकांसाठी चालवलेल्या छोट्या उद्योगांना मेंटॉर म्हणून मदत करते. पगार नाही, महिन्यातून दोन-तीन संध्याकाळी. आणि दर वेळी कुठल्या ना कुठल्या वहीत मला तीच रिकामी जागा दिसते.

मी राहते रॉचडेलला, मँचेस्टरपासून ट्रेननं थोड्याच अंतरावर. सहकाराबद्दल वाचलेल्यांना हे नाव माहीत असेल. १८४४ साली इथल्या २८ जणांनी, ज्यांत बरेचसे विणकर होते, मिळून २८ पौंड उभे केले आणि २१ डिसेंबरच्या संध्याकाळी टोड लेनवर दुकान उघडलं. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. तेव्हा पिठात भेसळ आणि वजनात लबाडी हे नेहमीचंच होतं. या दुकानात माल चोख, माप पूर्ण, आणि उरलेला नफा ज्यानं जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत. एका माणसाला एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. ३१ टोड लेनची ती इमारत आता संग्रहालय आहे. पहिल्यांदा आत गेले तेव्हा त्या लहानशा फळकुटी काउंटरपुढं बराच वेळ उभी राहिले. आमच्या भागात साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी, सोसायटी हे शब्द जन्मापासून कानावर पडतात. त्या सगळ्यामागचे बरेच नियम या दुकानानं घालून दिले होते.

आता इथं सामाजिक उद्योग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. धर्मादाय संस्था मुख्यतः देणगीवर चालते, तर सामाजिक उद्योग काहीतरी विकून चालतो, पण नफा मुख्यतः त्याच कामात परत जातो. २००५ पासून इथं 'कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी' नावाचा वेगळा कंपनी-प्रकार आहे. तिच्या मालमत्तेला कायद्यानंच कुलूप असतं. उद्या कंपनी बंद झाली तरी जागा, यंत्रं, शिल्लक संचालकांना वाटून घेता येत नाही, तशाच दुसऱ्या संस्थेकडं जाते. दर वर्षी समाजाचा काय फायदा केला याचा अहवालही द्यावा लागतो. दुसरा प्रकार 'कम्युनिटी बेनिफिट सोसायटी'. हा आपल्या सोसायटीच्या जवळचा, गावातले लोक शेअर घेतात आणि मत एकेकच. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानं आणखी एक सोय केली. गावातलं दुकान किंवा पब गावाच्या मोलाची वास्तू म्हणून नोंदवता येते. मालकानं ती विकायला काढली तर गावाला पैसे उभे करायला सहा महिन्यांची मुदत मागता यावी, अशी ती सोय. त्या कायद्यात मुदत होती एवढंच, मालकानं गावालाच विकलं पाहिजे असं नव्हतं.

माझं पहिलं काम असंच एक दुकान होतं. पेनाइन टेकड्यांतलं गाव, दगडी घरं, उतारावर मेंढ्या, दिवसातून मोजक्या बसगाड्या. जुना दुकानदार निवृत्त झाला तेव्हा गावानं शेअर काढून दुकान ताब्यात घेतलं होतं. आत पोस्टाचा काउंटर, दूध, पाव, वर्तमानपत्रं, औषधाच्या दुकानातून येणाऱ्या पिशव्या. दुकान चालवायला तीसेक स्वयंसेवक, बहुतेक साठी ओलांडलेले. इथं सत्तरीच्या माणसालाही नावानंच हाक मारायची असते. माझी जीभ अजूनही तिथं अडखळते, मनातल्या मनात मी आधी काका किंवा काकू म्हणून घेते.

मी नोकरीत गोदामातल्या मालाचं नियोजन करते. त्यामुळं दुसऱ्याच बैठकीला विक्रीचे आकडे मागवून तक्ता करून नेला. कोणता माल महिनोन्‌महिने हलत नाही, कुठल्या फळीची जागा वाया जाते, सगळं लाल रंगात. सगळ्यात वर होती विणकामाच्या लोकरीची टोपली. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "व्हेरी इंटरेस्टिंग." चहा आला, बिस्किटं आली, पुढच्या महिन्यात काहीच बदललं नव्हतं. इथं 'व्हेरी इंटरेस्टिंग'चा अर्थ बहुतेकदा 'नको' असा असतो, हे मला खूप नंतर कळलं. त्या टोपलीशेजारी दोन खुर्च्या असतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या तिथं येऊन बसतात, लोकर हाताळतात, तासभर बोलतात आणि जाताना दूध-पाव घेऊन जातात. माझ्या तक्त्यात खुर्च्यांचा रकाना नव्हता. चूक माझी होती आणि ती मला लागली.

मग मी ठरवलं, एक पूर्ण शनिवार दुकानातच काढायचा. सकाळी साडेसहाला पोचले तर अंधारच होता. शटरपाशी वर्तमानपत्रांचे गठ्ठे पडलेले, आणि एक बाई खिशातल्या चाकूनं त्यांच्या पट्ट्या कापत होत्या. निवृत्त शाळाशिक्षिका, वय ७४. त्यांनी गठ्ठे आत घेतले, पुरवण्या एकेका पेपरात घातल्या, पावाचे क्रेट ओढले, पोस्टाची तिजोरी उघडली. आठ वाजता पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांचं दीड तासाचं काम झालं होतं. मागच्या खोलीत भिंतीवर रोटा लावलेला, म्हणजे कुणी कधी यायचं याचा तक्ता. पेन्सिलीनं नावं लिहिलेली. मी जवळ जाऊन पाहिलं. बऱ्याच चौकोनांत एखादं नाव खोडरबरानं पुसलं होतं आणि वर एकच नाव, एकाच अक्षरात. त्या बाईंचं. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची नातवंडं येणार, तर ती पाळी या घेणार. कागद खोडून खोडून तिथं पातळ झाला होता, बोट लावलं तर फाटेल इतका.

त्या आठवड्यात मी रोट्यावरून त्यांचे तास मोजले. १९. त्यात सकाळचा तो दीड तास नव्हता, कारण रोटा आठपासूनच सुरू होतो.

पुढच्या बैठकीला मी तक्ता नेला नाही. एकच प्रश्न नेला, "या दुकानाला वर्षाला किती तास लागतात?" आणि गप्प बसले. मेंटॉरच्या कामातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे. आपल्याकडं जाणत्या माणसानं उपाय सांगायचा असतो, गप्प बसला तर त्याला काही येत नाही असं वाटतं. ती शांतता फार लांबली. मग खजिनदारांनी चष्मा काढला आणि म्हणाले की नफा-तोट्याचा कागद आपण दर वर्षी अभिमानानं वाचतो, पण हे तास त्यात नाहीत. त्यांनी तिथंच पाकिटाच्या मागं गणित मांडलं. एप्रिल २०२५ मध्ये इथला किमान पगार २१ वर्षं आणि त्यावरच्यांना तासाला १२.२१ पौंड झाला होता. एकट्या त्या बाईंचे १९ तास धरले तर आठवड्याला २३२ पौंड, वर्षाला बारा हजारांहून जास्त. दुकानाचा वर्षाचा नफा याच्या जवळपासही नव्हता. बाई खाली मान घालून कप विसळत होत्या. त्यांना वाटलं, आपल्यावर काही ठपका येतोय. शेजारच्या बाईंनी त्यांचा हात धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "आय अ‍ॅम टायर्ड, यू नो." एवढंच. ते वाक्य इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणी उच्चारलं होतं.

पुढचं त्यांचं त्यांनी ठरवलं. आठवड्याला २० तासांचा एक पगारी माणूस. म्हणजे २४४ पौंड, वर पेन्शनचा थोडा वाटा. त्यांच्या दुकानात शंभराच्या विक्रीमागं साधारण बावीस सुटतात. मग नुसत्या पगारासाठी आठवड्याला अकराशे पौंडांची जादा विक्री हवी. हा आकडा ऐकून दोघा-तिघांचा धीर सुटला. पण तो समोर आला म्हणून तर लोक कामाला लागले. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांसाठी कॉफीचं यंत्र बसलं, जवळच्या बेकरीकडून गरम 'पाय' (pie), म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ, यायला लागले. त्यात लँकेशरचा 'बटर पाय' असतो, आत बटाटा आणि कांदा, मिरपूड घालून. थंडीत तो हातात घेतला की मला बटाटेवडा आठवतो. विक्री अजून पुरती तिथवर पोचलेली नाही, म्हणून सुरुवात १२ तासांच्या माणसापासून केली आहे. लोकरीची टोपली जागच्या जागी आहे.

हे सगळं चालू असताना मला राहून राहून लिज्जत आठवायचं. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. तिचं कौतुक आपण जिद्दीसाठी करतो. मला आता त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. तिथं लाटणाऱ्या प्रत्येक बहिणीला वजनावर वनई, म्हणजे लाटण्याची मजुरी, मिळते. पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून आणायचं, किलोमागं मजुरी घ्यायची. लाटणं हे घरचं काम आहे असं म्हणून कुणी ते हिशोबाबाहेर ठेवलं नाही. आईच्या गटात आणि तिथं कष्ट सारखेच होते, फरक वहीतल्या या एका रकान्याचा होता.

इथल्या लोकांचं प्रेम खोटं आहे असं मुळीच नाही. गावाचं दुकान वाचावं म्हणून थंडीत अंधारात उठणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण अनुदान देणारे, सल्ला देणारे, आमच्यासारखे मेंटॉरसुद्धा, 'स्वयंसेवकांच्या बळावर चालतं' हे कौतुकानं लिहितात आणि पुढं जातात. ते बळ कुणाचं, किती वयाचं, आणि तो माणूस आजारी पडला तर काय, हे विचारत नाहीत. फुकट मिळणाऱ्या तासांचा हिशोब पैशांच्या हिशोबापेक्षा आधी मांडावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

तुमच्यापैकी कुणी इकडं येणार असाल आणि हे काम करावंसं वाटलं तर चार शब्द. स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी सांभाळून विनामोबदला स्वयंसेवा करता येते. विद्यार्थी असाल तर नियम जास्त बारीक आहेत, कॉलेजात विचारूनच पाऊल टाका. जवळपास प्रत्येक शहरात स्वयंसेवी संस्थांना मदत करणारं एखादं केंद्र असतं, तिथं नाव नोंदवायचं. प्रवासखर्च बहुतेक ठिकाणी देतात, तो मागायला संकोच करू नका. आणि संचालक व्हायचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. सह्या आणि निर्णय त्यांचे, प्रश्न आपले.

सध्या मी ज्यांच्याबरोबर काम करते त्या आठ बायका मूळच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या. त्या एका सभागृहाच्या स्वयंपाकघरात समोसे, भाज्या, डाळी करून बैठकांना आणि लग्नांना डबे पुरवतात. बोलणं इंग्रजी, सिल्हेटी आणि सिनेमातल्या हिंदीत मिसळून चालतं. मला त्या 'आफा' म्हणतात, म्हणजे ताई. सगळ्यात वडील आहेत त्यांना सगळ्या खाला, म्हणजे मावशी, म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पहिल्या दिवशी मी विचारलं, पन्नास समोशांच्या ट्रेला भाव कसा लावता? मैदा, तेल, बटाटे, वाटाणे, गॅस, डबा, अगदी चोख हिशोब. तास? खाला हसून म्हणाल्या, "ये तो घर का काम है, आफा." तासगावचं वाक्य, तेच, तसंच. मी क्षणभर काही बोलूच शकले नाही.

आता फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय केलं. सात जणी लिहितात. त्यावरून नवा भाव काढला तेव्हा एक जुनं गिऱ्हाईक सुटलं, दोन टिकले. सुटलेल्या गिऱ्हाइकाचं सगळ्यांना वाईट वाटलं, मलाही. खाला अजून कागदाला हात लावत नाहीत. त्या सगळ्यांच्या आधी येतात आणि कांदे सोलून, चिरून ठेवतात. "प्याज का क्या टाइम लिखना?" असं त्यांचं म्हणणं.

या मंगळवारी मोठी ऑर्डर आहे, दहा किलो कांदा. मी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आहे. खालांच्या शेजारी पाट मांडून मीही चिरायला बसणार आहे, आणि घड्याळ दोघींच्या मध्ये ठेवणार आहे.