खिशातला चाकू घेताय? पातं जाड नको, पातळ बघा

घडीचा चाकू घ्यायचाय, कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, कापणार काय आहेस बाबा? उत्तर ठरलेलं असतं, कुरियरची पार्सलं, सुतळी, फळं, आणि ट्रेकला गेलो तर भेळेसाठी कांदा-टोमॅटो. आणि ऑनलाइन बघून ठेवलेलं काय असतं, तर काळाकुट्ट, चार मिलिमीटर जाड पात्याचा, कमांडो छाप ऐवज! असल्या पात्याला कितीही धार लावा, सफरचंद कापलं जात नाही, अर्ध्यात गेलं की कडकन फाकतं.

म्हणून माझं मत सरळ आहे, स्टीलचं नाव नंतर, आधी पातं किती पातळ आहे ते बघा. डी२ भारी की १४सी२८एन भारी (ही स्टीलचीच नावं) यावर पोरं रात्र रात्र भांडतात पण धार कशी लावायची ते त्यातल्या निम्म्यांना येत नाही, आणि डी२ला घरच्या साध्या दगडावर धार लावताना हात दुखून येतात.

मला विचाराल तर दोनच नावं. शहरात रोज खिशात ठेवायला व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरवाला (ही मिटलेल्या चाकूची लांबी) स्विस नाइफ, कात्रीवाला. त्याच्या पात्याला लॉक नसतं, नुसत्या स्प्रिंगवर उघडं राहतं, त्यामुळे टोकाने भोसकून भोक पाडायला जाऊ नका, बोटांवर मिटेल. पण कात्री आणि ओपनर असल्यामुळे चारचौघात काढला तरी कोणी दचकत नाही, आणि आपल्याकडे हा मुद्दा फार मोठा आहे कारण चाकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर रामपुरीच येतो.

दुसरा ओपिनेल नंबर ८, फ्रान्सच्या सावोआ भागातला, ओपिनेलचे चाकू १८९० पासून बनतायत. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, लाकडी मूठ, वजन जेमतेम ४५ ग्रॅम. मानेपाशी एक कडं असतं ते फिरवलं की पातं लॉक, बास, एवढंच. कार्बन स्टीलवालाही मिळतो, धार झकास, पण कैरी कापून तसाच ठेवलात तर काळा पडतो आणि पावसाळ्यात गंजतोच, त्यामुळे कोकणातल्या माणसाने गुपचूप स्टेनलेसवाला घ्यावा. तरी लाकूड ओलं झालं की फुगतं आणि पातं मुठीत असं अडकून बसतं की नखाने निघत नाही. मग मुठीचं मागचं टोक टेबलावर दोनदा ठोकायचं, पातं थोडं वर येतं. सांध्यात थेंबभर शिलाई मशीनचं तेल, खोबरेल नको, थंडीत गोठतं.

कायद्याचं म्हणाल तर ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांना लायसन लागतं, हे दोन्ही त्याच्या कितीतरी आत. पण सणासुदीला, निवडणुकीत पोलिसांचा मनाई आदेश असतो त्यात सुरे वगैरे येतात, तेव्हा मिरवणुकीत घेऊन जायची हौस नको. विमानाने जाताना चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत राहिला तर सिक्युरिटीला काढून घेतात आणि तिथे हुज्जत घालून काही उपयोग नसतो.