इंजिन बरं होतं, पंखा जड होता

दोन वर्षांपूर्वी १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन) घेतलं आणि देवबागच्या आमच्या पंधरा फुटी फायबरच्या होडीला लावलं. एकटा असलो की होडी छान पळायची. भाऊ, पुतण्या आणि कांडाळी (मासेमारीची जाळी) आत आली की मात्र तिचं नाक वर ते वरच. पूर्ण रेस देऊनही आठ-नऊ नॉट, मागे पाण्याचा ढिगारा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या लाटांत अशी रेंगाळणारी होडी म्हणजे जिवाला घोर.

पहिला संशय अर्थातच इंजिनावर. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, पेट्रोलचा पाइप बदलला. फरक शून्य. मग कुणीतरी म्हणालं, पंख्याच्या, म्हणजे होडी ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या आतलं रबर सुटलं असेल. रबर सुटलं की इंजिन ओरडतं आणि होडी जागच्या जागी. हे तपासणं फुकटातलं: आतल्या बुशवरून पंख्याच्या अंगावर मार्करने एक सरळ रेघ ओढली आणि फेरी मारून आलो. रेघ जशीच्या तशी. म्हणजे रबर शाबूत.

शेवटी मालवणच्या एका जुन्या मेस्त्रींना होडीत बसवलं. दहा मिनिटं इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "इंजिनाक काय एक झालां नाय. तुझो पंखो जड आसा."

पंख्यावर आकडे कोरलेले असतात, ते मी तोवर वाचलेही नव्हते. माझा सव्वानऊ बाय ११. सव्वानऊ इंच हा पात्यांच्या घेराचा व्यास आणि ११ म्हणजे पिच: लाकडात स्क्रू जावा तसा पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल ते. पाणी लाकूड नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षात तो कमीच सरकतो. पिच जास्त म्हणजे वरचा गिअर. मी तिघांना आणि जाळ्यांना घेऊन आंबोलीचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढत होतो, इतकंच.

पण किती कमी करायचा? इथे अंदाजाने पंखा विकत घेणारे पुष्कळ, मीही घेणार होतो. मेस्त्रींनी अडवलं: आधी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे बघ. प्लगच्या वायरीभोवती तार गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर आणला. पहिल्याच फेरीत त्याने ८,३०० दाखवले आणि माझ्या पोटात गोळा आला. नंतर कळलं, एका फेऱ्याला किती ठिणग्या पडतात ते सेटिंग चुकलं होतं. आकडा दुप्पट दिसत होता. खरे फेरे ४,१५०. माझ्या इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण रेसला ४,५०० ते ५,५०० लिहिलेत. म्हणजे भरल्या होडीत ते किमान मर्यादेलाही पोचत नव्हतं. असं दमछाक करत चालवलं की इंजिन आतून खराब होतं. लोकांना जास्त फेऱ्यांची भीती वाटते, कमी फेऱ्यांची वाटत नाही, मलाही नव्हती.

ढोबळ हिशेब असा की पिच एक इंच कमी केला की साधारण २०० फेरे वाढतात. शेजाऱ्याकडे त्याच इंजिनाचा ९ पिचचा पंखा होता, तो एका दिवसापुरता मागून आणला.

जुना काढतानाच खरी लढाई झाली. आधी प्लगच्या वायरी काढल्या, कारण हाताने पंखा फिरवताना इंजिन चुकून चालू झालं तर बोटं जातात. कॉटर पिन गंजून तुटली. नट निघाला, पण पंखा शाफ्टच्या दात्यांवर खाऱ्या पाण्याने चिकटून बसलेला. गरम पाणी ओतून, मागून लाकडी ठोकळ्याने ठोकत, अर्ध्या तासाने सुटला. आत बघतो तर वॉशरमागे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला, चांगला वीतभर. हा तंगूस हळूहळू ऑइल सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधासारखं होतं. माझं तेल नशिबाने अजून स्वच्छ होतं. दात्यांना भरपूर ग्रीस लावून नवा पंखा चढवला.

चाचणी मुद्दाम भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवशी घेतली, तेव्हा नदीला ओढ कमी असते. तरीही एक फेरी वर, एक खाली, आणि मोबाइलच्या जीपीएसवरची सरासरी. तिघेजण, जाळी, तेवढंच पेट्रोल. रेस दिली, नाक वर गेलं, आणि पाच-सहा सेकंदांत खाली आलं. होडी पाण्यावर चढली, म्हणजे पाणी ढकलत न जाता वरून घसरत पळू लागली! ४,८५० फेरे, १३ नॉट. हिशेबाने ४,५५० यायला हवे होते. पण होडी एकदा पाण्यावर चढली की ओझं एकदम हलकं होतं, त्यामुळे तो हिशेब लागू पडत नाही.

एकटा गेलो तेव्हा ५,६००, म्हणजे मर्यादेच्या जरा वर. ८ पिच लावला तर भरल्या होडीला आणखी जोर येईल, असा मोह झाला होता. पण मग एकटा असताना इंजिन फारच फिरेल. माझ्या बहुतेक फेऱ्या तिघांच्या, म्हणून ९ ठरवला. एकटा असलो की हात जरा आवरता घेतो.

स्टेनलेस स्टीलचा घ्यावा असंही सुचवण्यात आलं. पातं वाकत नाही, हे खरं. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक किती! ॲल्युमिनियमचं पातं वाकून धक्का स्वतः खातं. स्टीलचं तो गिअरपर्यंत पोचवण्याची शक्यता जास्त. मी ॲल्युमिनियमचाच घेतला.

इंजिनाच्या झाकणाच्या आत पेंटने लिहून ठेवलंय: "पिच ९. तिघे ४,८५०. एकटा ५,६००." जुना ११ चा पंखा, नट, दोन कॉटर पिना आणि पाना होडीतच फळीखाली असतात. खडकावर पातं गेलं तर जड पंख्याने रखडत का होईना, वल्ही न मारता घरी येता येईल.