शिकागोत गाडीशिवाय राहायचं, तर आधी पत्ता बघा

अमेरिकेत गाडीशिवाय भागत नाही, असं तिकडे निघालेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगतंच. नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या उपनगरात घर घेतलं तर ते खरं ठरतं. शिकागो शहरात मात्र गाडीशिवाय उत्तम राहता येतं, फक्त घराचा पत्ता जपून निवडावा लागतो.

तिथे घराचा क्रमांकच अंतर सांगतो. स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांचा चौक म्हणजे शून्य. तिथून दर 800 आकड्यांमागे एक मैल (दक्षिणेकडचे पहिले तीन मैल तेवढे अपवाद). म्हणजे घर आणि मेट्रोचं स्टेशन यांच्या क्रमांकांत 400 चा फरक असेल तर अर्धा मैल, दहा मिनिटांची चाल. जानेवारीतल्या वाऱ्यात याहून जास्त रोज झेपत नाही. जाहिरातीत 'वेस्टर्न स्टेशनजवळ' लिहिलं असेल तर कुठल्या लाइनवरचं ते विचाराच, कारण वेस्टर्न नावाची पाच स्टेशनं आहेत आणि त्यातली दोन एकट्या ब्लू लाइनवर.

रेड आणि ब्लू या दोनच लाइन रात्रभर चालतात. बसचं वेळापत्रक बघताना सोमवारची सकाळ बघू नका, रविवारी रात्री दहाचं बघा. दर 10 मिनिटांनी बस असेल तर एक चुकली तरी बिघडत नाही. अर्ध्या तासाने असेल तर सगळा दिवस तिच्या तालावर चालतो. गर्दीच्या मार्गावर बराच वेळ काहीच येत नाही आणि मग दोन बस एकदम येतात. उशीर झालेल्या बसला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं मिळतात, ती आणखी रखडते आणि मागची तिला गाठते. अशा वेळी दुसऱ्या बसमध्ये चढावं, ती बहुधा रिकामी असते.

वाणसामानाची चिंता सगळ्यांना असते. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर, जिथे 1974 साली पटेल ब्रदर्स या भारतीय वाणसामानाच्या साखळीचं पहिलं दुकान निघालं, तिथे रेड लाइनच्या लोयोला स्टेशनवरून 155 नंबरची बस जाते. कणकेची 20 पौंडी पिशवी म्हणजे 9 किलो. ती खांद्यावर वाहू नका, घडीची दुचाकी ट्रॉली घ्या. चाकं मोठी हवीत, लहान चाकं बर्फात रुततात. फुटपाथवरचा बर्फ काढणं शिकागोत ज्याच्या त्याच्या घरमालकाचं काम आहे, त्यामुळे एक तुकडा स्वच्छ तर पुढचा निसरडा. शिवाय रस्ता साफ करणारं यंत्र सगळा ढीग नेमका कोपऱ्यावर लोटून जातं. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी न शिरणारे बूटच घ्या.

खरी अडचण नोकरीची आहे. ऑफिस उपनगरात असेल तर मेट्रा या उपनगरी रेल्वेची गाडी तिथल्या स्टेशनपर्यंत नेते, पण पुढचे तीन-चार मैल सहा पदरी रस्ता आणि फुटपाथचा पत्ता नाही. ऑफर स्वीकारण्याआधी त्या स्टेशनपासून ऑफिसपर्यंतचा रस्ता नकाशावर पायी चालण्याच्या पर्यायात बघून घ्या. हे चित्र पालटायचं तर स्टेशनाभोवती दाट वस्ती हवी, आणि प्रत्येक इमारतीला ठरावीक पार्किंग बांधायला लावणारे नियम तिच्या आड येतात. बफेलो शहराने 2017 मध्ये, कॅनडातल्या एडमंटनने 2020 मध्ये आणि मिनिआपोलिसने 2021 मध्ये ते काढून टाकले. माझ्या मते नव्या मेट्रो लाइनइतकंच हे मोलाचं आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.

अधूनमधून भाड्याची गाडी लागेलच, म्हणून लायसन्स काढून ठेवा. भाड्याच्या गाडीला क्रेडिट कार्डाकडून मिळणारं विम्याचं संरक्षण बहुतेक वेळा फक्त त्या गाडीच्या नुकसानीपुरतं असतं. समोरच्याला झालेल्या इजेची भरपाई त्यात येत नाही. त्यासाठी गाडी नसलेल्यांची 'नॉन-ओनर' पॉलिसी मिळते. वर्षातून बऱ्याचदा गाडी भाड्याने घेत असाल तर ती घ्याच. पुढे कधी स्वतःची गाडी घेतलीत, तर विम्यात खंड पडला म्हणून हप्ताही वाढत नाही.