हिरड्यांचे १६८ आकडे: पायोरियाच्या उपचारांचा माझा अनुभव

आम्ही ज्या दंतवैद्यांकडे जातो, त्यांच्या दवाखान्यातून दर तीन महिन्यांनी एक पानाचे छापील पत्रक रुग्णांच्या हाती दिले जाते. त्याच्या पुढच्या बाजूला परिसराच्या बातम्या असतात: दवाखान्याच्या बदललेल्या वेळा, शाळेतील मुलांच्या दंततपासणीचा दिवस, जिना चढता न येणाऱ्या वृद्धांसाठी तळमजल्यावर केलेली सोय, नव्याने रुजू झालेल्या सहायिकेची ओळख. मागच्या बाजूला एकाच विषयावरचा सल्ला असतो. ही मागची बाजू मी अनेक वर्षे वाचत आलो आणि तिचा आम्हाला उपयोगही झाला. मुलगा खेळताना पडला आणि त्याचा पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला, तेव्हा तो मुळाला स्पर्श न करता वरच्या भागाला धरायचा, घासायचा नाही, दुधात ठेवायचा आणि शक्य तितक्या लवकर, तासाभराच्या आत, दवाखाना गाठायचा, हे आम्हाला त्या पत्रकामुळेच ठाऊक होते. तो दात आजही जागेवर आहे.

स्वतःच्या हिरड्यांच्या बाबतीत मात्र मी हाच सल्ला अनेक वर्षे लावून घेतला नाही. ब्रश करताना रक्त येणे मला इतके परिचित झाले होते की त्यात काही वावगे आहे असे वाटेनासे झाले होते. वडिलांचे जवळजवळ सगळे दात पन्नाशीतच पडले होते आणि ‘आपल्या घराण्यात हिरड्या कच्च्या’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. जिथे रक्त येते तिथे ब्रश लावायचा नाही, म्हणजे हिरडीला विश्रांती मिळेल, असा माझा समज होता; आज मला कळते की नेमक्या त्याच जागी मी मळ साठू देत होतो.

मग एका अंकात हिरड्यांविषयी तीन प्रश्न आले. ब्रश करताना रक्त येते का, तोंडाला सतत वास राहतो का, पूर्वी नसलेल्या फटी दातांमध्ये दिसू लागल्या आहेत का. तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘हो’ होते. खाली लिहिले होते की निरोगी हिरडीतून ब्रशने रक्त येत नाही. आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकसलेल्या असल्याने आजार असूनही रक्त कमी दिसू शकते, म्हणून रक्त नाही एवढ्यावरून त्यांनी निर्धास्त राहू नये. मी धूम्रपान करत नाही, पण ही दुसरी सूचना वाचून हे पत्रक लिहिणाऱ्याने विषय पुरता विचारात घेतला आहे अशी खात्री पटली, आणि त्याच आठवड्यात मी वेळ घेतली.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगण्याआधी बरेच विचारले. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कधी औषध घेतले आहे का. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणी दातांच्या कामासाठी परस्पर बंद करू नयेत, त्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो, हेही त्यांनी सांगितले. मधुमेहाने हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांची सूज राहिली तर रक्तातील साखर आटोक्यात आणणे अवघड होते, असा हा दुहेरी संबंध असल्याने त्यांनी मला गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून यायला सांगितले. ती चांगली निघाली.

दुसऱ्या भेटीत मोजणी झाली. या मोजणीने माझे डोळे उघडले, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. हातात धरायची एक बारीक, बोथट टोकाची सळई असते आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. दात आणि हिरडी यांच्यामधील खाचेत ती अलगद सरकवून खाच किती खोल आहे ते पाहतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, तीन बाहेरून आणि तीन आतून, असे मोजायचे असते. माझ्या अक्कलदाढा पूर्वीच काढलेल्या असल्याने दात २८, म्हणजे एकूण १६८ आकडे. डॉक्टर आकडे सांगत होत्या आणि सहायिका लिहून घेत होती. पुढच्या दातांना ‘तीन, दोन, तीन’ असा एका लयीत आवाज येत होता. दाढांपाशी आल्यावर तो ‘पाच, चार, सहा’ असा झाला, आणि उजव्या बाजूच्या वरच्या शेवटच्या दाढेला ‘सात’ ऐकू आले. या आकड्यांचा अर्थ मला तोवर कोणी सांगितलेला नव्हता, तरीही ते वाढत चालले आहेत हे कळून माझ्या पोटात गोळा आला.

मोजून झाल्यावर डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर ठेवला. तीन मिलिमीटरपर्यंतची खाच निरोगी हिरडीत असू शकते. चार किंवा त्याहून अधिक खोली असेल आणि सळई लागताच रक्त येत असेल, तर हिरडी दातापासून सुटू लागली आहे असे समजायचे. अशा खोलीत घरचा ब्रश पोहोचत नाही. माझ्या १६८ जागांपैकी ५२ ठिकाणी खोली चार किंवा अधिक होती आणि ७४ ठिकाणी रक्त आले होते. मग त्यांनी एक्स-रे दाखवला. दाताच्या वरच्या भागाचे कठीण आवरण जिथे संपते, त्याच्या एक-दोन मिलिमीटर खाली हाडाची कड दिसायला हवी. माझ्या दाढांपाशी ती बरीच खाली गेली होती. आजार केवळ हिरडीच्या सुजेपुरता असेल तर नीट स्वच्छतेने हिरडी पूर्ववत होते, पण एकदा हाड झिजू लागले की त्याला पायोरिया म्हणायचे, आणि गेलेले हाड साध्या उपचाराने परत येत नाही. झीज थांबवणे हे उद्दिष्ट ठेवावे लागते. डॉक्टरांनी हे वाक्य सौम्य करून सांगितले नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. घराण्याविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की काहींच्या शरीराची प्रवृत्ती अशा आजाराकडे अधिक असते हे खरे, पण प्रवृत्ती असलेल्या माणसालाही दातांवर साचणारा जिवाणूंचा थर काढून आजार रोखता येतो.

मी त्यांना माझी आणखी एक भीती सांगितली, जी मी अनेकांच्या तोंडून ऐकली होती: दात साफ करून घेतले की ते हलू लागतात आणि त्यांच्यात फटी पडतात. त्यांनी समजावले की दातांवरचा मळ लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे काही दिवसांतच घट्ट होऊ लागतो आणि त्याचे कीटण होते. वर्षानुवर्षे साठलेले हे कीटण दातांच्या मधल्या जागा भरून टाकते आणि हललेल्या दातांना एकमेकांशी जखडूनही ठेवते. ते काढल्यावर जी फट दिसते ती आजाराने आधीच पाडलेली असते. सूज उतरून हिरडी आकसेल, दात लांब दिसतील, थंड पाणी काही आठवडे झोंबेल, हे सगळे त्यांनी उपचारापूर्वीच सांगून ठेवले. हे आधी सांगितले नसते तर नंतर आरशात पाहून मी नक्कीच घाबरलो असतो आणि दोष उपचाराला दिला असता.

साफसफाई दोन भेटींत झाली, पहिल्या दिवशी उजवी बाजू आणि आठवड्याने डावी. भूल देताना सुईची टोचणी जाणवली, आणि काही मिनिटांत अर्धा ओठ व गाल जड झाले. यंत्राचे टोक सेकंदाला २५,००० हून अधिक वेळा कंप पावते आणि ते तापू नये म्हणून त्यातून सतत पाण्याचा फवारा उडतो. वेदना जवळजवळ नव्हती. त्रास झाला तो तोंडात साठणाऱ्या पाण्याचा आणि तासभर जबडा उघडा ठेवण्याचा. यंत्रानंतर डॉक्टरांनी हाताच्या अवजारांनी मुळांचा पृष्ठभाग खरवडला. खरखर हळूहळू कमी होऊन आवाज गुळगुळीत होत जाणे मला बसल्या जागी कळत होते. भूल उतरायला सुमारे तीन तास लागले. तोवर गाल चावला जाऊ नये म्हणून काही खाल्ले नाही आणि गरम काही पिण्याचेही टाळले. संध्याकाळी ठसठसले, तेव्हा एक पॅरासिटामॉल पुरली. दुसऱ्या भेटीत वेगळे काही घडले नाही.

मला प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळतील असे वाटले होते, पण त्या दिल्या नाहीत. जिवाणूंचा थर दाताला चिकटलेला असतो, तो हाताने काढावाच लागतो, गोळ्यांनी तो निघून जात नाही, असे कारण मिळाले. दोन आठवड्यांसाठी क्लोरहेक्सिडीनचे ०.२ टक्क्यांचे द्रावण चूळ भरण्यास दिले. टूथपेस्टमधील फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून दोन्हींमध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवायचे होते. त्याने चव बदलते आणि दातांवर तपकिरी डाग येतात. माझ्या दातांवर ते आले आणि पुढच्या भेटीत पुसलेही गेले. थंड झोंबू लागल्यावर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरली. तिचा गुण यायला काही आठवडे लागले.

खरा उपचार मात्र घरी होता. डॉक्टरांनी एक रंग देणारी गोळी चघळायला लावून आरसा हातात दिला. जिथे मळ राहिला होता तिथे गडद रंग चढला, आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू जवळजवळ पूर्ण रंगली. जिभेखाली लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात, त्यामुळे तिथे कीटणही लवकर धरते. मी दिवसातून दोनदा ब्रश करत होतो, पण ही बाजू रोज राहून जात होती. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत टेकवून, न घासता जागच्या जागी हलवायचा, ही चार्ल्स बास या अमेरिकन वैद्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मला त्याच दिवशी शिकवली गेली. दोन दातांमधील फटींसाठी तारेवरचे बारीक ब्रश दिले. माझ्या दाढांना आणि पुढच्या दातांना वेगवेगळ्या जाडीचे लागतात. ब्रशनंतर पेस्ट थुंकायची, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते, हेही नव्याने शिकलो.

पहिल्या आठवड्यात फटींतून रोज रक्त आले आणि मला ते काम थांबवावेसे वाटले. त्या वेळी दवाखान्याच्या जुन्या पत्रकांतील एका लेखाने मला धीर दिला. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांना दात साफ करणे थांबवायला सांगितले होते; १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. माझा आजार सुजेच्या पुढे गेलेला होता हे मला माहीत होते, तरीही रक्त थांबण्यासाठी दिवसच मोजायचे आहेत एवढे कळले. दहाव्या दिवशी पुढच्या दातांतून रक्त येणे थांबले, तिसऱ्या आठवड्यात दाढांतूनही ते क्वचितच दिसू लागले. सुरुवातीला रात्री या कामाला बारा मिनिटे लागत. आता सहा पुरतात.

आठ आठवड्यांनी पुन्हा १६८ ठिकाणी सळई फिरली. या वेळी मी आकडे ऐकत स्वतःशी मोजत होतो. चार किंवा अधिक खोलीच्या जागा ५२ वरून १४ वर आल्या होत्या, रक्त येणाऱ्या जागा ७४ वरून १७ वर. सात आकडा असलेल्या दाढेपाशी डॉक्टर थांबल्या, पुन्हा मोजले आणि ‘सहा’ म्हणाल्या. तिथे मुळे जिथून फुटतात ती जागा उघडी पडली आहे आणि अवजार त्या बेचक्यात नीट पोहोचत नाही. आणखी एकदा खोल सफाई करायची, आणि तीन महिन्यांनंतरही खोली तशीच राहिली तर हिरडी उचलून छोटी शस्त्रक्रिया करायची, असे ठरले. इतर दातांसाठीही दर तीन महिन्यांनी यावे लागणार आहे.

घरी आल्यावर मी धाकट्या भावाला फोन केला. त्यालाही रक्त येते आणि तोही घराण्याचे नाव घेऊन गप्प बसला होता. पुढच्या आठवड्यात त्याची मोजणी झाली. त्याच्या हिरड्या नुसत्या सुजलेल्या आहेत, हाड शाबूत आहे. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे आणि सहा वर्षांपूर्वी माझेही असेच असेल, ही गोष्ट त्या रात्री बराच वेळ माझ्या मनातून जात नव्हती.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले की नाव न घेता माझे आकडे पुढच्या पत्रकात छापले तर चालेल का. मी होकार दिला, आणि त्या दाढेचा सहाही त्यात असू द्या, असे सांगितले. तो वाचून कोणी तरी सात होण्याआधी येईल.